खुन्याला कसली सुधारणा?
"खुन्याला शेती शिकवून काय उपयोग, तो बाहेर पडून पुन्हा कोयताच उचलणार," असं कैद्यांच्या सुधारणेवर शंका घेणारे म्हणतात. आटपाडीचं स्वतंत्रपूर बघा. १९३९ साली औंध संस्थानात पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तिथे खुनाचेही कैदी होते. ना उंच भिंत, ना बेड्या. बायकापोरं सोबत, हातात नांगर आणि कोयतासुद्धा! पीक काय नखांनी कापायचं? पळून जायला रान मोकळंच. पण पोरगं दारात खेळत असताना माणूस पळायचा तरी कुठे? माझ्या मते खरी मेख तीच.

शंका घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मान्य. खुल्या कारागृहात वर्तणूक बघून, निवडूनच कैदी पाठवतात. जो खरोखर तापट, दिसेल त्याच्या अंगावर जाणारा, तो बंद तुरुंगातच सडतो. सुधारणेची गरज त्यालाच जास्त. त्याच्यासाठी समुपदेशक हवा, तोही महिन्यातून एकदा भाषण ठोकून जाणारा नको.

बाकी, येरवडा तुरुंगाच्या विक्री केंद्रातून आणलेला, कैद्यांनी बनवलेला सागवानी पाट आमच्याकडे नऊ वर्षं आहे. सांधा अजून हललेला नाही.