विषय: २६ जानेवारीचं झेंडावंदन आणि नंतरचं बार्बेक्यू

मंडळी, नमस्कार.
२६ जानेवारीला सकाळी ८ वाजता हॉलसमोर झेंडावंदन. उपमा-चहा मंडळाकडून. तिथूनच सगळे मिळून कौन्सिलच्या ऑस्ट्रेलिया डे बार्बेक्यूला जाऊ. एका सुट्टीत दोन्ही देश! मुलांना दोन्ही झेंडे मिळतील.
— सचिव

---

सचिवदादा,
झेंडावंदनाला आम्ही चौघंही येतो. बार्बेक्यूला नाही. १७८८ साली याच तारखेला आर्थर फिलिपनं सिडनी कोव्हला ब्रिटिश झेंडा लावला. त्याला १५० वर्षं झाली तेव्हा, १९३८ मध्ये, इथल्या मूळच्या लोकांनी सिडनीत सभा घेऊन तो शोकदिन म्हणून पाळला. आपल्याकडे १९३० च्या २६ जानेवारीला गावोगाव पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली, म्हणून तर राज्यघटना लागू करायला ही तारीख धरली. शपथ ज्या साहेबाविरुद्ध, त्याच्याच झेंड्याच्या वाढदिवसाला तासाभरात सॉसेज खायला जायचं? लेकीनं विचारलं तर काय सांगू?
— सांस्कृतिक समितीतली एक (मत माझं, समितीचं नाही)

---

ताई, आपण इथे पाहुणे. यजमानाच्या घरातल्या वादात कशाला पडायचं? शिवाय मी नागरिकत्वाची शपथ २६ जानेवारीलाच घेतली. आई व्हिडिओवर रडत होती. तो दिवस मला कोणी वाईट म्हटलेला आवडणार नाही.
— एक जुना सभासद

---

अरे, शपथ घेतलीस ना? मग पाहुणा कसला, घरचाच की! घरच्यानं बोलायचं नाही तर कोणी?

आमचं गाव हदगावकडचं, निजामाच्या राज्यातलं. १५ ऑगस्ट १९४७ ला पैनगंगेपलीकडे उमरखेडला तिरंगा, आणि अलीकडे तोच हातात धरला तर तुरुंग. आमच्याकडे स्वातंत्र्य आलं १७ सप्टेंबर १९४८ ला, १३ महिन्यांनी. वडील १५ ऑगस्टला झेंड्याला सलाम करायचे, पण पेढे आणायचे ते १७ सप्टेंबरला. आमची ही पुण्याची. पहिल्या वर्षी विचारती झाली, आज कोण पास झालं? वडील रागावले नाहीत. ओसरीवर बसवून नदीपासून सगळं सांगितलं.

सचिव, बार्बेक्यूची ओळ या मेलमधून काढा. ज्याला जायचं तो जाईल, मंडळ म्हणून नको. झेंडा मी आणतो, नांदेडच्या खादीचा आहे. दोरीची गाठ मात्र आधी कोणीतरी बघा, मागच्या खेपेला फुलं वरच अडकली होती.
— नांदेडकर काका