आईच्या ऑराला भोक पडलंय म्हणे... एनर्जी बॉडी म्हणजे नक्की काय असतं?

मुलुंड_फास्ट:
नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण वाचा प्लीज. आई ६३ वर्षांची. बाबांना जाऊन दीड वर्ष होईल, तेव्हापासून तिला धड झोप नाही, गुडघे दुखतात, थायरॉइडची गोळी बारा वर्षं चालू आहेच. आमच्याच सोसायटीत बी विंगला एक बाई हीलिंग करतात, तिथे आई मार्चपासून जायला लागली. आधी मला बरंच वाटलं, निदान घराबाहेर पडते, चार बायकांत बसते, येते तेव्हा चेहरा जरा हलका असतो. मग हळूहळू तिची भाषाच बदलली. हार्ट चक्र ब्लॉक आहे, घशाचं चक्र उलटं फिरतंय म्हणून थायरॉइड, आणि डाव्या बाजूला ऑराला, म्हणजे शरीराभोवतीच्या तेजोवलयाला, भोक पडलंय त्यातून एनर्जी गळते. गळते म्हणे, आमच्या बाथरूमच्या पाइपासारखी. आता त्यावर २१ सेशनचं पॅकेज, १८,००० रुपये, क्रिस्टलचे वेगळे. आणि परवा भाजी निवडता निवडता आई सहज बोलून गेली की त्या म्हणाल्यात गोळी हळूहळू कमी करून बघा, शरीर आपोआप बॅलन्स होईल. तिथे माझं डोकंच फिरलं.

भांडायला गेले तर म्हणते, "अगं हे सगळं आपल्याच शास्त्रात आहे, तुम्हाला कशाचा पत्ता नसतो." आणि खरं सांगते, मला खरंच पत्ता नाही. म्हणून विचारतेय, आपल्या ग्रंथांत हे असंच आहे का? आणि तिला न दुखावता सांगायचं कसं? बाबांनंतर धरायला तिला हे एकच मिळालंय, ते हातातून ओढून घेतल्यासारखं नको व्हायला.

परळची_सिस्टर:
ग्रंथाचं इथले जाणकार सांगतील, मी आधी गोळीचं बोलते कारण ते थांबू शकत नाही. पालिकेच्या रुग्णालयात २२ वर्षं झाली मला. थायरॉइडची ही जी गोळी असते ना ती शरीरातून फार सावकाश जाते, निम्मी उतरायलाच आठवडाभर लागतो. त्यामुळे कोणी बंद केली किंवा एक दिवसाआड केली तर पहिले काही दिवस काहीच होत नाही, माणूस मजेत असतो. त्याला वाटतं बघा, हीलिंगने जमलं! मग महिना दीड महिन्याने थकवा, सूज, बद्धकोष्ठ, मन उदास, आणि तोपर्यंत गोळी सोडल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं, मग म्हणतात चक्र परत ब्लॉक झालं, अजून सेशन घ्या. असल्या बायका मी ओपीडीत पाहिल्यात, एक दोन नाही.

आईला काही विचारू नकोस, चिडेल. गुपचूप गोळ्यांची डबी काढ, कधी आणली ते बिलावर बघ आणि उरलेल्या मोज. हिशोब जुळला नाही तर उद्याच टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घे.

गिरगाव_जुनं:
मुलुंडताई, तुमच्या आईचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं फार मजेशीर आहे. रिटायर्ड माणूस आहे, वेळ भरपूर, तेव्हा सांभाळून घ्या.

आपल्याकडे शरीराच्या आत आणखी शरीरं मानलीत हे खरंच. तैत्तिरीय उपनिषदात पाच कोश आहेत, अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. एनर्जी बॉडी म्हणून आज जे विकलं जातं ते साधारण यातला प्राणमय कोश उचलून. चक्रं त्यानंतर पुष्कळ काळाने तंत्रग्रंथांत येतात आणि तिथे त्यांचा आकडासुद्धा ठरलेला नाही. गोरक्षनाथांच्या नावावरच्या सिद्धसिद्धांतपद्धतीत नऊ आहेत. आज जो तक्ता सगळीकडे लटकलेला दिसतो त्याचं मूळ बंगालच्या पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपणात, साल १५७७, त्यात सहा चक्रं आणि वर सहस्रार. पाकळ्या मोजा, ४, ६, १०, १२, १६, २, बेरीज ५०. आणि ही पन्नास काय तर वर्णमालेतली अक्षरं! एकेका पाकळीवर एकेक अक्षर. म्हणजे साधकाने डोळे मिटून अख्खी वर्णमाला आपल्या देहात मांडायची, असा तो प्रकार आहे. कोणी तिऱ्हाइताने बाहेरून बघून 'उलटं फिरतंय' सांगायचा तो प्रकारच नव्हे.

रंगांचंही तेच. तुमच्या बी विंगच्या भिंतीवर लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असं इंद्रधनुष्य असणार, पैज लावतो. त्या ग्रंथात मूलाधारातला पृथ्वीचा चौकोन पिवळा आहे आणि हृदयाजवळच्या अनाहतात वायू धुरकट. इंद्रधनुष्य पश्चिमेकडून आलं, गेल्या शतकात.

आता आमच्या गिरगावाचा भाग. १८७९ च्या सुरुवातीला ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कॉट हे थिऑसॉफीवाले (सगळ्या धर्मांमागचं एकच गूढ ज्ञान शोधणारा पंथ) अमेरिकेहून मुंबईत उतरले, गिरगावात बिऱ्हाड केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इथूनच 'थिऑसॉफिस्ट' मासिक काढलं. त्या मासिकात स्वामी दयानंदांचं आत्मचरित्र छापून आलं (आर्य समाज त्यांनी गिरगावातच १८७५ ला काढलेला, तेव्हा दोघांचं गूळपीठ होतं, नंतर फाटलं). त्यात एक प्रसंग आहे. दयानंदांकडे हठयोगाची पुस्तकं होती, चक्रं नाड्या सगळं वर्णन असलेली, आणि मनात शंका. एकदा गंगेत प्रेत वाहत येताना दिसलं. हे पाण्यात शिरले, प्रेत काठाला ओढलं, सुरीने चिरलं आणि पुस्तकाशी ताडून पाहिलं. कमळ नाही, काही नाही. पुस्तकं फाडून प्रेताबरोबर गंगेत सोडून दिली!

गंमत बघा, हे ज्या मासिकात छापून आलं त्याच थिऑसॉफीवाल्यांतल्या लेडबीटर साहेबांनी पुढे १९२७ साली चक्रांवर पुस्तक लिहिलं, आपल्याला दिव्यदृष्टीने दिसतात म्हणून रंगीत चित्रांसकट, आणि स्वाधिष्ठान, म्हणजे मूलाधाराच्या वरचं दुसरं चक्र, काढून त्याजागी प्लीहेचं चक्र बसवलं. इथरिक बॉडी, अॅस्ट्रल बॉडी, ऑरा ही जी भाषा तुमच्या आई बोलताहेत ती बरीचशी या घराण्याची. त्याच १९२७ ला मुंबईतले डॉ. वसंत रेळे यांचंही कुंडलिनीवर, म्हणजे मूलाधाराशी निजलेली मानतात त्या शक्तीवर, इंग्रजी पुस्तक आलं, त्यांचं म्हणणं कुंडलिनी म्हणजे व्हेगस नर्व्ह. एकाने सुरी घेतली, एकाने दिव्यदृष्टी लावली, एकाने मज्जातंतू धरला. तिघांनाही ते अवयवासारखं 'सापडायला' हवं होतं, आणि मला विचाराल तर तिथेच तिघं चुकले. ती मनाने मांडायची गोष्ट आहे. मांडली तर आहे, नाही मांडली तर नाही. मग तिला भोक पडेल कुठून?

दादर_स्लो:
१८,००० मध्ये आमच्याकडे वॉटरप्रूफिंग होतं, गळती बंद, पाच वर्षांची गॅरंटी 😀

पार्ल्याची_मावशी:
हसा तुम्ही. मी स्वतः रेकी देते, म्हणजे हात ठेवून एनर्जी द्यायची ती पद्धत, २००४ पासून, तेव्हा आता माझंही ऐका.

आधी माझ्याच लोकांचे कान उपटते. रेकी जपानची, मिकाओ उसुई १९२२ ला कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास करून बसले तिथून सुरू झालेली. २१ चा आकडा आमच्यात आला तो त्यावरून, शिकणाऱ्याने स्वतःवर २१ दिवस रोज करायची म्हणून. आता त्याचं २१ सेशनचं पॅकेज करून समोरच्याला विकायचं हे कुठून आलं कोण जाणे. उसुईंच्या पद्धतीत सात चक्रंही नव्हती, तिकडे बेंबीखालच्या तांदेन या शक्तिकेंद्राला महत्त्व, चक्रं रेकी पश्चिमेत गेल्यावर जोडली गेली. प्राणिक हीलिंगवाले तर अकरा मोठी चक्रं मानतात, ती पद्धत फिलिपिन्सच्या चोआ कोक सुईंची, ते मूळचे केमिकल इंजिनिअर. म्हणजे कोणत्या क्लासला गेलात त्यावर तुमच्या अंगात चक्रं किती ते ठरणार. हे मी माझ्या बायकांना पहिल्याच दिवशी सांगते, काही उठून जातात.

पण मुलुंड, आईला तिथे बरं वाटतं ते खोटं नाही गं. तुझ्या आईच्या वयाच्या विधवा बाईच्या डोक्यावर, पाठीवर शेवटचा प्रेमाने हात कोणी ठेवला सांग? अर्धा तास कोणीतरी फक्त तिच्यासाठी बसतं, शांत दिवा, मोबाइल बंद. माझ्याकडे बायका टेबलावर पडल्या पडल्या रडतात, काही घोरतात. त्यात एनर्जी किती आणि माया किती हे मला २० वर्षांत वेगळं करता आलेलं नाही आणि मी आता प्रयत्नही सोडलाय. मात्र निदान करायचं नाही आणि डॉक्टरच्या गोळीला हात लावायचा नाही, हे आम्हाला शिकवतात. जी बाई हे मोडते तिच्याकडे पाठवू नकोस.

परळची_सिस्टर:
मावशी पटलं, पण 'माया किती एनर्जी किती' याच्यातलं थोडं तरी कोणीतरी वेगळं करून पाहिलंय. अमेरिकेत नर्सिंगच्या प्राध्यापक डोलोरेस क्रीगर आणि डोरा कुंझ या दोघींनी १९७० च्या दशकात थेराप्युटिक टच काढला, हात न लावता अंगावरून चार बोटं वरून फिरवायचे आणि एनर्जी फील्ड जाणवतं म्हणायचं. (गिरगावकाका, कुंझबाई तुमच्या थिऑसॉफीतल्याच, तिथल्या अध्यक्षसुद्धा होत्या.) नर्स लोकांत हे खूप पसरलं. तर एमिली रोझा म्हणून नऊ वर्षांची पोरगी, शाळेचा प्रोजेक्ट म्हणून पुठ्ठ्याचा पडदा केला, हीलरने दोन भोकांतून हात पलीकडे ठेवायचे, ही नाणं उडवून ठरवणार कुठल्या हातावर आपला हात धरायचा, आणि त्यांनी फक्त सांगायचं डावा की उजवा. २१ हीलर, २८० वेळा केलं. बरोबर आलं १२३ वेळा, म्हणजे ४४ टक्के. नुसतं अंदाजाने ठोकलं असतं तरी निम्मं आलं असतं! १९९८ ला जामा या डॉक्टरी मासिकात छापून आलं, पोरगी तेव्हा ११ ची. आता ज्याला पुठ्ठ्याआडचा अख्खा हात कळत नाही त्याला ऑराचं भोक दिसतं यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

पार्ल्याची_मावशी:
माहितेय ते. पुठ्ठ्याआडून माझाही नंबर लागला नसता बहुतेक. पाठीवरून हात फिरवायला पुठ्ठा लागत नाही एवढंच म्हणते.

टाळकरी:
माउलींनी सहाव्या अध्यायात कुंडलिनी सांगितली आहे, कुंकवात न्हालेलं नागाचं पिलू वेटोळं घालून निजावं तशी. नाथांकडून आलेलं ज्ञान ते. आमचे बुवा तो भाग लावताना एवढंच म्हणायचे की हे ऐकायला गोड आहे, करायला गुरू लागतो, आणि गुरू दरपत्रक लावत नाही. आणि ताई, मूलाधार काय, चाळीतलं पोरगंही गणपतीत अथर्वशीर्ष म्हणताना म्हणतंच की तू नित्य मूलाधारात असतोस म्हणून. कोणी विचारतं का ब्लॉक आहे का म्हणून. रामरक्षा येत असेल ना आईला? त्यात काय करतो आपण, डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या हवाली करतो. तेच की हे. फुकट.

मुलुंड_फास्ट:
अपडेट देते, सगळ्यांचे खूप आभार, खासकरून सिस्टर तुमचे.

डबी मोजली. ३१ गोळ्या जास्त निघाल्या. म्हणजे आईने कमी करून बघायचं 'ठरवलं' नव्हतं, दोन महिने ती एक दिवसाआडच घेत होती. टीएसएच १४ च्या वर आलाय. डॉक्टर ओरडले नाहीत, रोजची गोळी नियमित सुरू करा आणि सहा आठवड्यांनी परत तपासा म्हणाले. मी गाडीत बोंबलणार होते पण आईच खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटत होतं गं बरं वाटतंय." मग मी गप्प बसले.

रात्री गिरगावकाकांचं सगळं तिला वाचून दाखवलं. दयानंदांनी प्रेत चिरलं तिथे "ई शी" म्हणाली पण पुढचं वाच म्हणाली, पन्नास पाकळ्या पन्नास अक्षरं हे तिला फार आवडलं, दोनदा वाचायला लावलं. रामरक्षा तिला पाठच आहे, बाबा म्हणायचे रोज, ते गेल्यापासून तिनेही सोडली होती. काल झोपताना म्हणत होती, मी मावशी म्हणतात तसा पाठीवर हात ठेवला, पोटऱ्यांपर्यंत पोचायच्या आत घोरायला लागली.

पॅकेजचे पूर्ण पैसे आधीच दिलेत हे आत्ता कळलं, सहा सेशन झालेत. उरलेले मागायला मी बी विंगला निघाले तर आई म्हणते तू अजिबात यायचं नाहीस, तुला बोलता येत नाही, मी बघते माझं. साडी बदलून गेलीय, पाऊण तास झाला.

परळची_सिस्टर:
गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्यापाऊण तासाने. कॅल्शियम चालू असेल तर ते चार तासांनी. आणि पैसे मिळाले का ते सांग!