ट्रेनी सॉलिसिटर होण्याची वाट : तुमचे अनुभव लिहा

लंडनच्या एका कमर्शियल लॉ फर्ममध्ये (कंपन्यांची कायद्याची कामं करणाऱ्या) माझी दुसरी सीट सुरू होऊन तीन आठवडे झाले. (सीट म्हणजे एका विभागातले साधारण सहा महिने. सॉलिसिटर, म्हणजे क्लायंटला सल्ला देणारा, करार-कागदपत्रं करणारा वकील, होण्यासाठी फर्ममध्ये जे प्रशिक्षण घेतात ते ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, आमच्या भाषेत टीसी, दोन वर्षांचं. त्यात बहुधा अशा चार सीट होतात.) इथवर यायला मला तीन सीझन आणि ३१ अर्ज लागले. पहिले पंधरा तर वायाच गेले, कारण विचारायला कुणी नव्हतं. मोठ्या फर्म्स जागा दोन-दोन वर्षं आधी भरतात आणि पुष्कळशा टीसी उन्हाळ्याच्या वेकेशन स्कीममधूनच (सुटीत काही आठवडे फर्ममध्ये काम करून बघणं) दिल्या जातात, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. वर्गातल्या ज्यांच्या घरात कुणी सॉलिसिटर होतं, त्यांना ते कॉलेजात पाऊल टाकतानाच माहीत होतं. ही माहिती गुपित नाही, पण ती जेवणाच्या टेबलावर मिळते, आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी तो विषयच निघत नाही. म्हणून हा धागा काढतेय. अर्ज, चाचण्या, मुलाखती, नकार, सगळं लिहा. फर्मचं नाव नको. काय विचारलं आणि तुम्ही काय बोललात, ते हवं.

सुरुवात मीच करते.

मी निफाड तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. हे मी एकाही अर्जात लिहिलं नव्हतं. ‘कमर्शियल लॉच का?’ या रकान्यात आव्हानात्मक काम, जागतिक क्लायंट वगैरे तेच लिहायची, जे सगळे लिहितात. वेकेशन स्कीमच्या शेवटच्या दिवशी दोन पार्टनरांसमोर, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलांसमोर, मुलाखत होती. ‘सध्या उद्योगजगतातल्या कुठल्या गोष्टीवर लक्ष ठेवून आहात?’ मी व्याजदरांवर पाठ केलेलं बोलले. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘ठीक. पण यात नेमके कुणाचे पैसे अडकतात?’ मला पुढे बोलता येईना.

मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी २०१० चं सांगायला लागले. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश सापडले. आपल्याकडे ते लिहोसिन म्हणून ओळखतात, वेलीची वाढ आवरायला फवारतात. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आमचा माल आधीच गेला होता, पैसे यायचे होते. करार नव्हता. दादांची एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती, तिच्यात तारीख, किती क्रेट, वजन, आणि शेवटच्या रकान्यात ‘बाकी’. तो रकाना पुढे कितीतरी महिने तसाच राहिला. एक्स्पोर्टर म्हणे, मला तिकडून आले नाहीत तर तुम्हाला कुठून देऊ?

पार्टनर बाईंनी खुर्ची पुढे घेतली. माल नेमका कुठल्या क्षणी एक्स्पोर्टरचा झाला? तपासणी कुणाच्या खर्चाने? प्रयोगशाळा ते रसायन शोधतच नव्हती, तर दोष कुणाचा? विमा असता तर यावर मिळाला असता का? वीस मिनिटं आम्ही त्या वहीवरच बोललो. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही, पण प्रत्येक प्रश्न का विचारताहेत ते कळत होतं. टीसी तिथेच मिळाली. कमर्शियल अवेअरनेस म्हणतात तो मला त्या दिवशी समजला : पैसा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो आणि वाटेत कुठे अडू शकतो. आपल्यापैकी कुणाचं किराणा दुकान असेल, कुणाची एसटी कँटीन, कुणाचे वडील साखर कारखान्यात. ते लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लेस्टरहून

माझा जन्म इथलाच, पदवी इतिहासाची. त्यामुळे आधी लॉ कन्व्हर्जन (इतर विषयांच्या पदवीधरांसाठीचा कायद्याचा कोर्स), मग एसक्यूई (सॉलिसिटर होण्याची परीक्षा). मी पहिल्या वर्षी मुलाखतीपर्यंत पोहोचलेच नाही, वॉटसन-ग्लेझरमध्ये अडकले. ती तर्काची चाचणी आहे : एक उतारा देतात आणि खाली विधानं. अनुमानाच्या भागात पाच पर्याय असतात : खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं, खोटं. माझी चूक एकच होती. मला त्या विषयातलं जे माहीत असेल ते मी उताऱ्यात मिसळायची. इतिहासाच्या विद्यार्थ्याला संदर्भ जोडायची सवयच असते ना! दुसऱ्या वर्षी रोज दहा प्रश्न सोडवले आणि प्रत्येक उत्तरापुढे उताऱ्यातला तो शब्द लिहिला, ज्याच्या आधारावर उत्तर दिलं. शब्द सापडला नाही की ‘अपुरी माहिती’. त्यानंतर एकदाही चाचणीत बाद झाले नाही.

मुंबईहून, वयाने बराच मोठा

तुमच्या लंडनच्या गोष्टी वाचून आमची आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखालची उमेदवारी) आठवली. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही १८९४ ची संस्था. तिची सॉलिसिटरची परीक्षा आजही होते आणि त्यासाठी सॉलिसिटरकडे तीन वर्षं आर्टिकल क्लार्क म्हणून राबावं लागतं. मी नव्वदच्या दशकात फोर्टमधल्या एका फर्ममध्ये गेलो. मुलाखत अशी नव्हतीच. सरांनी एक जुनं खरेदीखत पुढे सरकवलं आणि म्हणाले, ‘वाच आणि सांग, ही जागा तू घेशील का?’ मी कलमं वाचत बसलो. चतुःसीमेत पूर्वेला दिलेला रस्ता नकाशात नव्हताच, ते मला दिसलं नाही. सरांनी बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले, सोमवारपासून ये.

पहिले सहा महिने सब-रजिस्ट्रारकडे सर्च घेण्यात, म्हणजे जागांच्या जुन्या नोंदी तपासण्यात, गेले. इंडेक्स २ ची (नोंदलेल्या व्यवहारांच्या सूचीची) जाडजूड बाडं, तीस-तीस वर्षांची. पान फाटलेलं असेल तर अहवालात ‘पान फाटलेले’ असं लिहायचं, गृहीत काही धरायचं नाही. लेस्टरच्या ताई, तुमची ती ‘अपुरी माहिती’ आम्ही अशी शिकलो.

मँचेस्टरहून

पुण्यात एलएल.बी., इथे एलएल.एम., मग ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षण संपल्यावर इथे काम करता येतं तो) दोन वर्षं. जवळजवळ प्रत्येक अर्जात प्रश्न असतो, पुढे स्पॉन्सरशिप (फर्मच्या नावावर मिळणारा कामाचा व्हिसा) लागेल का? मी प्रत्येक वेळी खरं ‘हो’ लिहिलं. काही दारं तिथेच बंद झाली असतील, पण खोटं लिहून मिळालेली जागा टिकली नसती.

असेसमेंट सेंटरला (गटचर्चा वगैरे घेऊन निवड करतात तो टप्पा) दोनदा पोहोचलो. गटचर्चेत मी सगळ्यांना बोलू दिलं, वेळेकडे लक्ष ठेवलं, मला वाटलं छान झालं. फोनवर फीडबॅक आला, ‘तुम्ही सगळ्यांशी सहमत होता, तुमचं मत काय ते कळलं नाही.’ वडीलधाऱ्यांसमोर मधे बोलायचं नाही हे अंगात इतकं मुरलेलं की पंचविशीच्या मुलांसमोरही तोंड उघडलं नाही. त्या रात्री मी खूप वेळ जागा होतो.

मग दुसरी वाट धरली. २०२१ मध्ये एसक्यूई आल्यापासून पॅरालीगल (वकिलाच्या हाताखालचा कायद्याचा सहायक) म्हणून केलेलं कामही पात्रतेसाठी लागणाऱ्या दोन वर्षांच्या अनुभवात धरता येतं, चार ठिकाणांपर्यंत जोडून. परीक्षा सोपी नाही. पहिल्या टप्प्यातच ३६० प्रश्न, आणि दोन्ही टप्प्यांची फी मिळून साडेचार हजार पौंडांच्या वर. एक सावधगिरी : त्या कामावर इथल्या सॉलिसिटरची सही लागते. माझ्या आधीच्या ऑफिसातल्या बाई नोकरी सोडून गेल्या आणि सहीसाठी मी चार महिने मेल करत बसलो. शेवटी तिथल्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याने केली, तीही चालते. नोकरी सोडायच्या आधीच सही घ्या.

बर्मिंगहॅमहून

व्हिडिओ मुलाखतीबद्दल थोडंसं. समोर माणूस नसतो, प्रश्न स्क्रीनवर येतो, विचाराला अर्धा मिनिट, उत्तराला दोन. मी आईला व्हिडिओ कॉल लावून सराव केला. तिला विषय कळत नव्हता, पण ‘आता तू माझ्याकडे बघत नाहीयेस’ हे ती बरोबर सांगायची. कॅमेऱ्याशेजारी तिचा फोटो चिकटवला आणि त्याच्याशी बोलले.

पुण्याहून, चौथं वर्ष

ताई, एकच शंका. अर्जात ‘टू-वन (तिकडची पदवीची वरून दुसरी श्रेणी) किंवा त्याहून वर’ मागतात. मला ६१ टक्के आहेत. आमच्याकडे साठाला फर्स्ट क्लास, तिकडे ते काय धरतात? काय भरू?

धागाकर्तीकडून

टक्के आहेत तसेच भर, स्वतः रूपांतर करू नकोस. ‘अधिक माहिती’च्या रकान्यात दोन ओळी लिही : तुमच्या विद्यापीठात साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी, आणि वर्गात तुझा कितवा क्रमांक. क्रमांकाचं पत्र कॉलेजच्या ऑफिसातून शिक्क्यासकट आत्ताच मागून ठेव, परीक्षेच्या दिवसांत ते मिळत नाही. आणि अर्ज पाठवण्याआधी मला दाखव, रविवारी दुपारी मी मोकळी असते.