कर्जाआधी थोडी पायपीट

एमपीएचसाठी, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्ससाठी, भाचीने कर्ज काढून लंडन गाठावं का, असं ऐरोलीच्या ताईंनी विचारलंय. माझं मत, ताई, एवढ्यात नको.

आधी आरोग्य संशोधनाच्या एखाद्या प्रोजेक्टवर, लोकांत फिरून, फील्डचं काम करू दे. मी सुरुवात दिघ्याच्या चाळींतून केली. संमतीपत्र वाचून दाखवत होतो, तर एक आजी म्हणाल्या, "सही केली तर रेशन बंद नाही ना होणार?" अर्धा तास त्यातच गेला. पण संमती म्हणजे काय, हे तिथे कळलं. (पगाराचं विचारू नका.)

सोबत ग्लोबल हेल्थ नेटवर्कचा जीसीपी कोर्स करावा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय चाचण्या नीट कशा करायच्या त्याचे नियम. ऑनलाइन, फुकट, वर सर्टिफिकेट. शिष्यवृत्तीसाठी टीडीआर बघा. उष्ण कटिबंधातल्या रोगांवरच्या संशोधनाचा नि प्रशिक्षणाचा, डब्ल्यूएचओमधला हा कार्यक्रम १९७५पासून चालू आहे. त्यांच्या मदतीने ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठातही शिकता येतं. लंडनपेक्षा ढाक्याचे प्रश्न आपल्या कळव्या-मुंब्र्याच्या जवळचे, हे माझं प्रामाणिक मत. इंडिया अलायन्सच्या फेलोशिप नावाजलेल्या, दोन तृतीयांश पैसा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा, एक तृतीयांश ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा. पण ती पुढची पायरी.

आणि हो, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकच्या, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्राच्या, जाहिराती बघत राहा. प्रोजेक्टच्या जागा निघतात, तिथे थेट मुलाखतीला जाता येतं. मूळ कागद घेऊनच जा म्हणावं.