क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणून किडनीचा संबंध नाही?

रेवती_ना
'बाळाचे पाय वाकलेत' या धाग्यावर काल एकांनी ठामपणे लिहिलं, "क्रिएटिनिन ०.३ आहे, किडनीचा प्रश्नच नाही. व्हिटॅमिन डी३ वाढवा, कोवळं ऊन द्या." राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

क्रिएटिनिन ही रक्ततपासणी फक्त किडनीची गाळणी कशी चाललीय ते सांगते. मोठ्या माणसात दिवसाला साधारण १८० लिटर गाळलं जातं, त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेणं आणि आम्ल बाहेर टाकणं हे किडनीतल्या नलिकांचं काम. ते बिघडलं तरी क्रिएटिनिन कितीतरी वर्षं नॉर्मल राहू शकतं. माझ्या मुलाला डिस्टल आरटीए आहे, म्हणजे नलिकांना आम्ल बाहेर टाकता येत नाही. वजन वाढेना, मनगटं जाड झालेली, कायम बद्धकोष्ठ, रात्री उठून तांब्याला तोंड लावायचा. मुडदूस म्हणून डी३च्या पुड्यांवर पुड्या दिल्या. शेवटी एका डॉक्टरांनी ब्लड गॅस, म्हणजे रक्तातलं आम्ल पाहायची तपासणी, करवली. आम्ल शमवणारं बायकार्ब १२, पोटॅशियम २.६, दोन्ही फार कमी. रक्तात इतकं आम्ल असताना लघवीही आम्ल व्हायला हवी, म्हणजे तिचा पीएच ५.५च्या खाली यायला हवा, याचा ७! सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत कॅल्शियम साचलेलं. अशा मुलाला डी३चे मोठे डोस देत राहिलं की लघवीतून कॅल्शियम आणखी जातं. आम्ल शमवणारा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) आणि पोटॅशियम सायट्रेट सुरू झालं तेव्हा कुठे अंग धरलं पोराने.

तालुक्याचा_डॉक्टर
ताई, तुमचं दुःख समजतं, पण तुमच्या एका मुलावरून सगळ्यांना ब्लड गॅस सांगू नका. माझ्याकडे वाकलेल्या पायांची जी मुलं येतात त्यांतली बहुतेक साध्या डी३च्या कमतरतेची. ब्लड गॅसचं मशीन जिल्ह्याला, सॅम्पल बर्फात घालून पाठवायचं. आईची एका दिवसाची मजुरी बुडते. आधी डी३, तीन महिन्यांनी एक्स-रे. हाडं भरली नाहीत तर पुढचं.

रेवती_ना
तीन महिने मान्य. पण आम्हाला कुणी एक्स-रे सांगितलाच नाही, नुसता पुढचा डोस लिहून दिला. आणि रक्तातल्या सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडची तपासणी तर तालुक्यालाही होते ना? पोटॅशियम कमी, क्लोराइड जास्त, वजन अडलेलं, एवढं दिसलं तरी मूल वर पाठवता येतं.

देशस्थ_७१
मूळ कारण कुणी बोलतच नाही. मामाची मुलगी, आतेचा मुलगा करणं बंद करा, असले आजार थांबतील.

इंदू_सोलापूर
आमच्याकडे तीन पिढ्या मामाची मुलगी करतात. सगळे ठणठणीत आहेत. उगाच रीतीला नावं ठेवू नका.

देशस्थ_७१
ठणठणीत असणं हा पुरावा नाही. सदोष जीनची एकच प्रत असली तर माणूस धडधाकट असतो. दोघांकडे तीच प्रत असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची २५ टक्के शक्यता. सख्ख्या मामे-आते भावंडांचे आठवा हिस्सा जीन सारखे असतात, हे गणित आहे, रीत नाही.

रेवती_ना
आमचं लग्न नात्यातलं नाही! डिस्टल आरटीएच्या एका प्रकारात एका प्रतीतला दोषही पुरतो, कधी तो मुलातच नव्याने होतो. निदान झालं त्या दिवशी सासरी पहिला प्रश्न आला, "तुझ्या माहेरी कुणाला होतं?" आता इथेही तेच. आईबापाला आरोपी करून मुलाचं बायकार्ब वाढत नाही.

देशस्थ_७१
तुम्हाला उद्देशून नव्हतं. शब्द लागला असेल तर मागे घेतो, मुद्दा मागे घेत नाही.

मुलुंडची_अनघा
आनुवंशिकतेपलीकडेही बोला. माझ्या आईला आरटीए पन्नाशीत झाला. सकाळी अंथरुणातून पाय उचलेनात. सगळे पक्षाघात समजून धावले, निघालं पोटॅशियम १.९. बरीच वर्षं डोळे कोरडे, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी गिळवत नव्हती. शोग्रेन नावाचा आजार! स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने नलिका बिघडवलेल्या. पोटॅशियम भरून घरी पाठवलं, 'का उतरलं' हे कुणी विचारलं नाही, म्हणून पुन्हा ॲडमिट. आजार लहान मुलांचाच धरून चालू नका.

इंदू_सोलापूर
आयुष्यभर सोडा पाजायचा म्हणजे बाकीचं शरीर बिघडणार नाही का?

रेवती_ना
बिघडतं ते न दिल्याने. हाडं झिजतात, खडे होतात, उंची खुंटते. डोस वजनाप्रमाणे वाढवत न्यायचा, बायकार्ब २२च्या वर ठेवायचं. सायट्रेटचं सिरप खारट-आंबट, मुलं थुंकतात. आम्ही पाण्यात पातळ करून जेवणानंतर देतो. आणि कानांची तपासणी विसरू नका, काही जीनदोषांत ऐकूही कमी येतं. याची बेरा ही ऐकण्याची तपासणी दरवर्षी करतो.

तालुक्याचा_डॉक्टर
ब्लड गॅस पहिल्या भेटीत लिहिणार नाही, यावर मी ठाम आहे. वजन अडलेलं आणि पाणी फार पिणारं मूल असेल तर रक्तातलं पोटॅशियम आणि क्लोराइड तपासायला मात्र पहिल्याच दिवशी लिहीन. एक्स-रेची तारीखही केसपेपरवरच घालून देईन.