हार्ली रीड पर्थचं काही देणं लागतो का?

लांबचा_पल्ला (पर्थ)

पर्थमध्ये गेली दोन वर्षं ऑफिसात, ट्रेनमध्ये, रेडिओवर एकच दळण, फूटीचा (ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा) खेळाडू हार्ली रीड पर्थमध्ये राहणार की जाणार. २०२५ मध्ये त्याने वेस्ट कोस्ट ईगल्स या पर्थच्या क्लबबरोबरचा करार २०२८ अखेरपर्यंत वाढवला तेव्हा म्हटलं चला आता तरी गप्प बसतील, पण छे, आता "दोनच वर्षं का वाढवला, मनात काय आहे" हे सुरू. म्हणून हा धागा.

फूटी न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. अंडाकृती बॉल, क्रिकेटचंच ग्राउंड, एका टीमचे १८ जण, गोलला ६ पॉइंट. एएफएल ही वरची लीग, त्यात १८ क्लब. दरवर्षी ड्राफ्ट होतो, टेबलात जो तळाला त्याला नवीन पोरांमधून पहिली निवड. २०२३ ला ईगल्स अख्ख्या सीझनमध्ये ३ मॅच जिंकून तळाला गेले आणि पहिल्या नंबरला हार्लीला उचललं. पोरगा टाँगालाचा, म्हणजे व्हिक्टोरियात एचुकाच्या बाजूचं दुधादुभत्याचं छोटं गाव. मेलबर्न तिथून गाडीने अडीच-तीन तास. पर्थ म्हणजे त्यापुढे विमानाने आणखी चार तास.

पर्थला जाशील का बाबा, असं त्या १८ वर्षांच्या पोराला कुणी विचारलं नव्हतं. करार पाळला, जीव तोडून खेळला, संपला विषय. उद्या घरी परत गेला तर त्याला गद्दार म्हणायचा कुणालाही हक्क नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बोला.

ईगल्स_मेंबर

मत तुझं, पैसे आमचे. तळाला असलेल्या टीमचेपण लाखभर मेंबर आहेत ते काय उगाच? अरे १८ पैकी १० क्लब व्हिक्टोरियाचे, त्यातले ९ एकट्या मेलबर्नमधले. ज्याला त्याला हवं तिथे जाऊ दिलं तर गावाकडचा प्रत्येक चांगला पोरगा कॉलिंगवूड नाहीतर कार्लटनला जाईल आणि आम्ही इथे बसू टाळ्या वाजवत. हे होऊ नये म्हणूनच १९८६ मध्ये ड्राफ्ट आणला ना. शिवाय त्या वर्षी ती पहिली निवड विकत घ्यायला बाकीचे क्लब दारात उभे होते, ईगल्सनी नाही म्हटलं, कारण क्लब याच्याभोवती बांधायचा होता. नंबर ९ ची जर्सी दिली त्याला, ती आमचे जुने स्टार घालायचे, नाइटानुई आणि त्याआधी कझिन्स. एवढं केल्यावर थोडी अपेक्षा ठेवली तर आम्ही वाईट?

लांबचा_पल्ला (पर्थ)

अपेक्षा ठेव की, पण जर्सी दिली हे उपकार कसे? ती विकून दुकान कोणाचं चाललं ते ऑप्टस स्टेडियमच्या बाहेर बघ, मॅचच्या दिवशी दर चौथ्या लहान मुलाच्या पाठीवर ९. एप्रिल २०२४ ची डर्बी, म्हणजे पर्थच्याच दुसऱ्या क्लबविरुद्धची, फ्रीमँटलविरुद्धची मॅच, मी तिथे बसून बघितलीये. अंगावर आलेल्याला एका हाताने असा ढकलला की तो मागेच राहिला, मग बॉल घेऊन सुटला आणि लांबूनच ठोकला, माझ्या बाजूचे आजोबा खुर्चीवर उभे राहिले रे. तेव्हा त्याची ही सहावी मॅच होती. क्लबने जे द्यायचं ते दिलं असेल, त्याने वसूल करून दिलंय.

माई_मेलबर्नची

मला फूटीतलं फार कळत नाही, मुलगा खेळतो म्हणून शनिवारी सकाळी थंडीत मैदानाच्या कडेला उभी असते इतकंच. पण एक सांगा, आपणच सगळे आईबाप पुण्या-नाशकात ठेवून इथे आलोय ना, आणि या पोराला चार तासांच्या विमानाचं काय घेऊन बसलात! १८ वर्षांची मुलं शिकायला याहून लांब जातात. ल्यूक जॅक्सन पर्थकडचा, त्याला मेलबर्न क्लबने २०१९ ला तिसऱ्या नंबरवर घेतलं, राहिला की इकडे, २०२१ ची प्रीमियरशिप, म्हणजे लीगचा कप, जिंकली, मग २०२२ संपल्यावर फ्रीमँटलला गेला. तेव्हा पर्थवाल्यांनी त्याला गद्दार म्हटलं नाही, हार घालून घेतला. यायचं तर चालतं, जायचं तर नाही, असं कसं हो?

लांबचा_पल्ला (पर्थ)

माई, "मला कळत नाही" म्हणून षटकार मारलात.

ईगल्स_मेंबर

माई, जॅक्सनने जाताना मेलबर्नला कप देऊन झाला होता. हार्लीच्या पहिल्या वर्षी आम्ही ५ मॅच जिंकलो आणि २०२५ ला २३ पैकी १. हिशोब बघा जरा.

कोपऱ्यातला_अंपायर

आता त्या १ मॅचचा दोष पण पोरावर टाकताय का काय.

तुम्ही दोघंही अंतर अंतर करत बसलाय, मूळ दुखणं वेगळंय. पहिला नंबर कुठे जातो? तळाच्या टीमकडे. आणि तळाच्या टीमच्या कोचची खुर्ची कायम डुगडुगत असते. हार्लीच्या पहिल्याच सीझनमध्ये जुलैला कोच ॲडम सिम्प्सन क्लब सोडून गेला, ज्याने २०१८ ला कप जिंकून दिला होता तो. जेसन हॉर्न-फ्रान्सिस, २०२१ चा नंबर एक, नॉर्थ मेलबर्नला गेला, पहिल्याच वर्षी अर्ध्यातून तिथला कोच डेव्हिड नोबल गेला. म्हणजे १८-१९ वर्षांच्या मुलाला ज्याने घडवायचं तो माणूसच पहिल्या वर्षात गायब, टीम दर आठवड्याला मार खातेय, आणि पेपरवाले लिहितायत "तारणहार". याला लांब पाठवा नाहीतर घराशेजारी ठेवा, काय फरक पडतो?

कार्लटनी_काका

पडतो. सॅम वॉल्श, २०१८ चा नंबर एक, आमच्याकडे आला. पहिल्याच वर्षी आमचापण कोच, बोल्टन, जूनमध्ये काढला. टीम तेव्हा कचरा होती, मी मेंबर आहे, मला बोलायचा हक्क आहे. तरी पोराने रायझिंग स्टार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम नवख्याचा पुरस्कार घेतला आणि अजून इथेच आहे. का? जिलाँगकडचा मुलगा, घर तासाभरावर. आई रविवारी जेवायला घालू शकते. कोच गेला तरी जेवण जात नाही.

कोपऱ्यातला_अंपायर

मग टॉम बॉइडचं काय? २०१३ चा नंबर एक, मेलबर्नचा पोरगा, सिडनीत जीडब्ल्यूएस क्लबला ९ मॅच खेळला आणि एका वर्षात वेस्टर्न बुलडॉग्सकडे घरी परत. सात वर्षांचा बक्कळ पैशाचा करार. २०१६ च्या ग्रँड फायनलला ३ गोल मारले, बुलडॉग्सना १९५४ नंतर पहिली प्रीमियरशिप. घर, पैसा, कप, सगळं मिळालं. आणि २०१९ ला २३ व्या वर्षी उरलेल्या करारावर पाणी सोडून रिटायर, मानसिक त्रासाबद्दल स्वतः उघडपणे बोलला. तुमच्या रविवारच्या जेवणाने तिथे काय केलं?

कार्लटनी_काका

बॉइडच्या पाठीवर पगाराचा आकडा चिकटवलेला होता, प्रत्येक चुकलेल्या किकला लोक डॉलर मोजायचे. ते घरी आल्यामुळे नाही झालं, त्या करारामुळे झालं. हे उदाहरण मी मानत नाही.

सासवडी_बाउन्सर

आयपीएल ऑक्शनमध्ये पण कुणाला विचारत नाहीत कुठल्या टीममध्ये जायचंय, तिथे कोण रडत नाही. एवढी चर्चा कशाला.

लांबचा_पल्ला (पर्थ)

आयपीएल दोन-अडीच महिने, मग आपापल्या घरी. इथे पोराने घर, मित्र, गावचा क्लब सगळं सोडून वर्षभर दुसरीकडे राहायचं, वर पर्थच्या टीमला जवळजवळ दर दुसऱ्या आठवड्याला विमान. आणि मर्जीने कुठेही जायला मोकळीक म्हणजे फ्री एजन्सी, ती क्लबमध्ये ८ वर्षं काढल्यावर. तोपर्यंत करार संपला तरी दोन क्लबांचा सौदा जुळावा लागतो, नाहीतर परत ड्राफ्टमध्ये नाव टाका.

नॉर्थचा_शिक्का

वर माझ्या जखमेवर मीठ चोळलंच आहे तर बोलतो. मी हॉर्न-फ्रान्सिसला शिव्या देणाऱ्यांतलाच. १७ मॅच खेळला, मग ॲडलेडला घरी, पोर्ट ॲडलेड क्लबकडे. सावत्र बाप फेबियन फ्रान्सिस पोर्टचाच जुना खेळाडू, म्हणजे पोरगा त्याच हवेत वाढलेला. आमच्याविरुद्ध आला की अजून बूइंग होतं आणि मी पण करतो, खोटं कशाला बोलू. आता कोणी म्हणेल नॉर्थला बदल्यात दोन बड्या निवडी मिळाल्या, त्यातून शीझल आणि वॉर्डलॉ आले, शीझल तर २०२३ चा रायझिंग स्टार. कागदावर आम्ही फायद्यात. पण पहिल्या नंबरचा मुलगा एका वर्षात "इथे नको" म्हणतो तेव्हा क्लबला जे लागतं ते कागदावर येत नाही. ईगल्सवाल्यांची भीती मला समजते.

ईगल्स_मेंबर

धन्यवाद. कोणीतरी समजून घेतलं.

माई_मेलबर्नची

पण बूइंग करणारा बापाच्या वयाचा आणि ते ऐकून घेणारा १९ चा. तुमच्या घरात कोणी असं ओरडलं तर चालेल का?

नॉर्थचा_शिक्का

माई, तिकीट काढलंय तर ओरडणार. मैदानाबाहेर त्याच्या वाटेला कुणी जाऊ नये हे मान्य.

लांबचा_पल्ला (पर्थ)

मैदानाबाहेरच तर जातात. हार्लीने पहिल्या वर्षी सेंट किल्डाच्या डार्सी विल्सनला धोकादायक टॅकल केला, २ मॅचचं सस्पेन्शन, नियमाप्रमाणे रायझिंग स्टारच्या शर्यतीतून बाद. ठीक, चूक झाली, शिक्षा झाली. पण त्यावर आठवडाभर रेडिओवर जे चाललं होतं ते ऐकून वाटलं पोराने बँक लुटली. वजन, झोप, सुट्टीत कुठे गेला, सगळ्यावर चर्चा. २०२५ ला तो २० वर्षांचा होता. त्या वयात मी बाथरूमला टॉवेल विसरायचो.

कोपऱ्यातला_अंपायर

अजूनही विसरत असशील.

ईगल्स_मेंबर

विषय भरकटवू नका. माझं म्हणणं तेच आहे. तो राहिला हे चांगलं केलं, पण दोनच वर्षांचा करार म्हणजे एक पाय दारात. आमचा क्लब काय धर्मशाळा आहे का?

कार्लटनी_काका

२०२८ संपलं की या इकडे, आम्ही आहोतच.

सासवडी_बाउन्सर

तुम्ही पर्थ-मेलबर्न भांडत बसा, २०२८ ला टास्मानियाचा १९ वा क्लब येणार ठरलाय ना, नवा क्लब म्हणजे हात सैल. ते उचलतील.

ईगल्स_मेंबर

हे डोक्यात नव्हतं. आज झोप गेली.