ट्यूनिंगसाठी पुणं-बेंगळुरू गाठायचं की सांगलीतच करायचं? माझं मत: आधी माणूस बघा, डायनो आणि सॉफ्टवेअर नंतर

सांगलीकर_टीएसआय

गाडी २०१५ ची पोलो जीटी टीएसआय. १.२ टर्बो पेट्रोल, सात गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), कंपनीतून १०५ पीएस आणि १७५ एनएम. मी इनटेक (हवा आत घेणारा भाग) बदलला, मोठी डाउनपाइप (टर्बोमागची एक्झॉस्ट नळी) टाकली. एवढं बदलल्यावर ईसीएममधला (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) कंपनीचा मॅप, म्हणजे इंधन, स्पार्क आणि टर्बोचा दाब ठरवणारे तक्ते, पुरत नाही, हे मान्य. ते तक्ते गाडीनुसार बदलणं म्हणजे ट्यूनिंग. प्रश्न होता तो कुणाकडून करून घ्यायचा.

पहिल्यांदा एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या दुकानात गेलो. नाव घेत नाही. पाऊण तासात नव्या मॅपची फाइल चढवली, डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र) गाडी फिरवली, १३८ पीएसचा कागद हातात दिला. हा आकडा चाकावरचा की क्रँकवरचा (थेट इंजिनाचा), ते कागदावर कुठंच नव्हतं. पेट्रोल कुठलं भरता, प्लग कधी बदलले, काहीही विचारलं नाही. मीही त्या आकड्यावरच खूश होतो.

परतताना खंबाटकी चढत होतो. एप्रिलची दुपार, गाडीत चौघं, एसी चालू. अर्ध्या घाटात गाडीनं खेचायचंच सोडलं आणि ईपीसीचा (इंजिन कंट्रोलमधल्या बिघाडाचा) दिवा लागला. बाजूला घेऊन बंद-चालू केली, दिवा गेला, पण पिकअप आला नाही तो घरापर्यंत. दोन दिवसांनी मित्राच्या व्हीसीडीएस केबलवर (फोक्सवॅगनचा ईसीएम वाचणारं टूल) लॉग, म्हणजे चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद, काढला. जोर दिला की दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) सात-आठ अंश मागं ओढलं जात होतं. इनटेकमधली हवा ६० अंशांच्या वर. म्हणजे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसणं) होत होतं आणि ईसीएम इंजिन वाचवायला धडपडत होता. चढवलेली फाइल कुठल्यातरी थंड हवेतल्या, चांगलं पेट्रोल मिळणाऱ्या गाडीसाठी बनलेली असणार. सांगलीचा उन्हाळा तिला माहीतच नव्हता.

शेवटी काम झालं मिरजेजवळच्या एका शेडमध्ये. डायनो नाही, पाटी नाही. त्या माणसानं पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. प्लग काढून गॅप मोजली. पाइपांत धूर सोडून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) कुठं गळतोय का ते बघितलं, एक क्लिप सैल सापडली. मग मी गाडी चालवतोय आणि तो शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलाय, असे दोन आठवड्यांत तीन वेळा बसलो. प्रत्येक वेळी बूस्ट आणि टायमिंग थोडंथोडं हलवलं. आज भर उन्हात टायमिंग दोन अंशांपेक्षा जास्त मागं जात नाही. ताकद त्या कागदापेक्षा कमी असेल, पण ती घाटात शेवटपर्यंत मिळते.

म्हणून म्हणतो, लॉग वाचणारा माणूस शोधा. त्याच्याकडं डायनो आहे का, विनओएलएस (मॅप बदलायचं सॉफ्टवेअर) आहे का आणखी काही, हे दुय्यम आहे.

घाटवाट_एमएच११

साताऱ्याहून लिहितोय. तुमच्याशी बिलकूल सहमत नाही.

तुमच्या दुकानानं डायनो वापरला कागद छापायला. दोष दुकानाचा आहे, डायनोचा नाही. डायनो दोन तऱ्हेचे असतात. एक नुसता जड रोलर, गाडी तो किती वेगानं फिरवते त्यावरून आकडा काढतात. दुसरा ब्रेक लावून गाडीला हव्या त्या आरपीएमवर धरून ठेवतो. ट्यूनिंगसाठी हा दुसरा लागतो. २,५०० आरपीएमवर भार धरून ठेवायचा, एक अंश टायमिंग वाढवायचं, टॉर्क वाढला का बघायचा. वाढायचा थांबला की तिथंच थांबायचं. रस्त्यावर ते २,५०० तुम्ही किती वेळ धरणार? दोन सेकंद?

आणि रस्ता म्हणजे कुठला रस्ता? कारखान्यांचा सीझन चालू असला की पेठ-सांगली रस्त्यावर उसाच्या जोड ट्रॉल्या असतात, निम्म्यांना मागं दिवा नसतो. तिथं तिसऱ्या गिअरला पूर्ण एक्सलरेटर दाबून लॉग घेणं मला पटत नाही. इंजिन वाचवायला निघालात आणि एखाद्याच्या जिवावर बेतलं तर? पुणं सांगलीहून साडेचार तासांवर आहे. इंजिनच्या ओव्हरहॉलपुढं हे अंतर काहीच नाही.

सांगलीकर_टीएसआय

रस्त्याचा मुद्दा मानतो. आम्ही पहाटे पाचला रिकाम्या पट्ट्यावर जायचो, तरी तो सार्वजनिक रस्ताच. याचं समर्थन करत नाही.

पण डायनोबद्दल एक सांगा. ह्या इंजिनाचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) पाण्यावर चालतो, इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला. त्याचं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये थंड होतं. डायनोवर समोर एक पंखा लावतात, तो ८० च्या वेगाच्या वाऱ्याची बरोबरी कशी करणार? आणि दुसऱ्या बाजूनं, चौघं बसलेली गाडी ४० अंशांत दहा मिनिटं घाट चढते, ती उष्णता बारा सेकंदांच्या एका पुलमध्ये (डायनोवर एकदा पूर्ण जोरात चालवणं) दिसते का? माझा बिघाड तिथंच लपला होता.

घाटवाट_एमएच११

दिसत नाही. म्हणून चांगला ट्यूनर लागोपाठ सहा-सात पुल घेतो, गाडी थंड होऊ न देता. तुमच्याकडं एकच घेतला असणार. डायनोवर पाया रचायचा आणि मग घाटात शांतपणे चालवून खात्री करायची, हा क्रम. तुम्ही पायाच वगळायला सांगताय, आणि वाचणारी नवी पोरं तेवढंच उचलतील.

जिप्सी_जी१३बीबी

मला तिसरंच म्हणायचंय. "सॉफ्टवेअर दुय्यम" हे वाक्य मला खटकलं.

माझी जिप्सी, इनटेक आणि कॅम बदललेली. कंपनीच्या ईसीएमच्या नादी न लागता मेगास्क्वर्ट (स्वतः सेट करता येणारा ईसीएम) बसवला, ट्यूनर स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर स्वतः ट्यून करतो. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) आहे. कुठल्या आरपीएमला किती इंधन जातंय तो पूर्ण तक्ता माझ्यासमोर उघडा आहे. चुकलं तर मी मागं जाऊ शकतो, आणि तो तक्ता उद्या दुसऱ्या कुणालाही दाखवू शकतो.

तुमच्या पोलोत काय चढवलंय ते तुम्हाला दिसतं का? बरेच ट्यूनर फाइल लॉक करतात. तो माणूस उद्या गाव सोडून गेला तर नव्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात. अजून एक. अनेक दुकानांत स्लेव्ह टूल असतं. ते तुमची फाइल वाचतं, पण ती फक्त मास्टरवाल्याकडंच उघडते. दुकानदार ती पाठवतो, आलेली चढवतो, बास. त्याला बूस्ट कमी करा म्हटलं तर त्याच्या हातात काहीच नाही. म्हणून "टूल मास्टर आहे की स्लेव्ह" हा पहिला प्रश्न. माणूस कितीही चांगला असो, सॉफ्टवेअरनं त्याचे हात बांधलेले असतील तर तो काय करणार?

सांगलीकर_टीएसआय

हे बरोबर आहे, माझं वाक्य दुरुस्त करतो. माझ्याच बाबतीत पहिल्या दुकानानं "ही घ्या तुमची ओरिजिनल फाइल" म्हणून पेन ड्राइव्ह दिला होता. मिरजेत कळलं, ती माझ्या गाडीतून वाचलेलीच नव्हती. काही ईसीएम ओबीडीतून (गाडीच्या तपासणीचा सॉकेट) नुसते ओळख नंबर देतात, आणि टूल त्या नंबरची फाइल सर्व्हरवरून उतरवतं. बहुतेक वेळा ती जुळते. पण तिला माझ्या गाडीचा बॅकअप म्हणणं खोटं आहे.

फिटर_कुपवाड

चोवीस वर्षं हेच काम करतोय. डायनो का रस्ता यावर तुम्ही भांडताय, पण गाडी ट्यून करायच्या लायकीची आहे का, हे आधी कोण बघणार?

आपल्या भागात सेकंडहँड गाडी घेतली असेल तर पहिला प्रश्न ऑगस्ट २०१९ चा. त्या पुरात किती गाड्या पाण्यात होत्या ते आपण बघितलंय. धुऊन, सीट बदलून विकल्या गेल्या. बोनेट उघडा, ईसीएमचा कनेक्टर काढा. पिनांवर हिरवट थर दिसला तर तिथंच थांबा. सेन्सर चुकीचं सांगत असेल तर जगातला कुठलाही मॅप चुकीचाच चालणार.

मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब). आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती, ते मी बघतो. एक जरी मागं असेल तर ट्यूनिंग विसरा.

तुमच्या डीएसजीचं पण बघा. तो कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स, मर्यादा २५० एनएम. स्टेज टू (डाउनपाइपसारखे भाग बदलून केलेलं ट्यूनिंग) म्हणजे तुम्ही त्याच्या उंबऱ्यावर उभे. बूस्ट खालच्या आरपीएमला एकदम येऊ देऊ नका, हळू चढवा. ताकद तेवढीच मिळते, क्लच जास्त टिकतो. हे तुमच्या मिरजेच्या माणसानं केलंय का विचारा.

आणि फाइल चढवताना बॅटरीला सपोर्ट चार्जर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) लावलाच पाहिजे. माझ्यासमोर एकदा दुसऱ्या गॅरेजात अर्ध्या फाइलला व्होल्टेज पडलं, साधा चार्जर होता आणि लाइट गेली. ईसीएम मेला. गाडी टेम्पोत घालून न्यावी लागली. इन्व्हर्टरवर चालणारा सपोर्ट आहे का, हे बघितल्याशिवाय गाडी देऊ नका.

आरसीबुक

सगळे "कसं करायचं" बोलताय, "करायचं का" कुणीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला की विमावाल्यांना नाकारायला हे आयतं कारण मिळतं. डाउनपाइप टाकताना कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढला असेल तर मागच्या सेन्सरची तक्रार सॉफ्टवेअरमधून बंद केली असणार. म्हणजे गाडी धूर ओकते आणि डॅशबोर्ड गप्प. विश्रामबागेत शाळा सुटायच्या वेळेला त्या गाडीमागं मुलं सायकलवर असतात. मला हे मान्य नाही.

सांगलीकर_टीएसआय

कॅट काढलेला नाही. डाउनपाइपमध्ये २०० सेलचा कॅट आहे, मागचा सेन्सर चालू आहे, पीयूसी निघते. पण कायद्याच्या नजरेत बदल तो बदलच, आणि त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. विमा कंपनीला अजून कळवलेलं नाही. ते कळवायला हवं होतं.

जिप्सी_जी१३बीबी

एक राहिलं, पेट्रोल. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतंय, त्यात आपल्या उसाचंही इथेनॉल. इथेनॉलनं नॉकिंग कमी होतं, पण इंधन जास्त लागतं. साध्या पेट्रोलला हवा १४.७ पट, ई२० ला साडेतेराच्या आसपास. जुन्या पेट्रोलवर केलेला मॅप असेल तर लॉगमध्ये फ्युएल ट्रिम (ईसीएम स्वतःहून इंधन किती वाढवतोय-घटवतोय) बघा, सतत वर चढलेला दिसेल. पंप आणि इंजेक्टर आधीच शेवटाला असतील तर पूर्ण जोरात मिश्रण पातळ होतं.

सांगलीकर_टीएसआय

कालच लॉग काढला. ट्रिम अधिक सहा टक्के. जास्त वाटतं का?

फिटर_कुपवाड

चालेल, पण दहाच्या वर गेला तर इंजेक्टर साफ करून परत बघा. कॉम्प्रेशन रविवारी करू. गाडी चालवून गरम करूनच आणा, थंड इंजिनाचे आकडे मी धरत नाही. आणि त्या दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचे जुने प्लग ठेवले असतील तर तेही घेऊन या, पोर्सेलीनवर नॉकिंगचे काळे ठिपके उठलेत का बघायचंय.